दोन थापा

आप्पासाहेबाच्या अंगावर धड म्हणावं असं आता फार थोडं उरलंय. दोन्ही कान चेपून चेपून कणकेच्या गोळ्यासारखे झालेत. त्यांना मोबाईल नीट लागत नाही, म्हणून तो स्पीकरवरच बोलतो आणि अख्ख्या गल्लीला त्याच्या घरातलं सगळं कळतं. नाक तीनदा मोडलं. समोरचे दोन दात मिरजेकडच्या एका मैदानात मातीत पडले ते तिथंच राहिले. डाव्या हाताची करंगळी उलट्या बाजूला वाकते. उजवा गुडघा तर असा वाजतो की बायको, राहीबाई, स्वयंपाकघरातून न बघता सांगते, हे उठले. वय सहासष्ट, वजन अजून पंच्याण्णव किलो.

एवढी मोडतोड झालेला हा माणूस कोल्हारात ओळखला जातो तो मात्र हाडं बसवणारा म्हणून. सकाळी सात वाजल्यापासून त्याच्या ओट्यावर माणसं असतात. कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाचा खांदा निखळलेला, कुणाची कंबर उसाची मोळी उचलताना धरलेली. आप्पा आधी सांध्यावरून बोटं फिरवतो, मग त्या माणसाला सोयरिकीचं काहीतरी विचारतो आणि तो उत्तर द्यायला लागला की हिसका देतो. माणूस किंचाळतो. ओट्यावरचे बाकीचे समाधानानं माना डोलावतात. गावात सगळे म्हणतात, "आप्पांनी एकदा धरलं, की काम झाल्याबिगर सुटत न्हाई." हे वाक्य समोर म्हटलं की आप्पाचा चेहरा पडतो. लोकांना वाटतं, काय विनय आहे माणसाच्या अंगी! लोकांना काय, काहीही वाटतं.

त्या वाक्याच्या मुळाशी एक कुस्ती आहे. गाव ती अशी सांगतं: शहाऐंशी साली देवीच्या यात्रेत, प्रवरेच्या पात्रात, शेवटची कुस्ती आप्पाची आणि पाथर्डीकडच्या आसारामची लागली. आप्पानं आसारामचा हात धरला तो धरलाच. आसारामनं हाड मोडू दिलं, पण हार मानली नाही. असे मर्द आता बघायला मिळायचे नाहीत. एवढं सांगून झालं की सांगणारा तंबाखू मळायला घेतो.

गोष्ट मोठी सोयीची आहे. तिच्यात आप्पाची पकडही मोठी होते आणि आसारामची छातीही. फक्त ती खोटी आहे, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. तिसऱ्याला ठाऊक होतं, तो वारला.

तो तिसरा म्हणजे श्रीमंत वस्ताद. नगरला त्यांची तालीम होती. आप्पा चौदाव्या वर्षी तिथं राहायला गेला आणि आसाराम त्याच्यामागून वर्षभरानं आला. काळा, काटकुळा पोरगा. भाकरी अशी खायचा की जणू कुणी ताटातून ओढून नेणार आहे. दोघं दहा वर्षं एका पत्र्याच्या खोलीत शेजारी शेजारी झोपले. चुकलं की वस्ताद ओल्या सुंभानं मारायचे. मांड्यांवर वळ उठायचे आणि त्याच वळांवर आखाड्याची माती घासली जायची. दुसऱ्याला दुखवायचं कसं हेही दोघं तिथंच शिकले. मानेवर कोपर कसं रगडायचं, गुडघा बरगडीत नेमका कुठं रोवला म्हणजे पंचाला दिसत नाही पण समोरच्याचा श्वास कोंडतो, हे सगळं एकमेकांच्या अंगावर गिरवून झालं. आसारामचा ओठ आप्पानं दोनदा फाडला. आप्पाचं नाक पहिल्यांदा मोडलं ते आसारामच्या कपाळानं. आणि दुपारी दोघं एकाच ताटात जेवायला बसायचे.

त्या तालमीचा एक नियम होता. तो वस्तादांचा स्वतःचा. दुसऱ्या कुठल्या तालमीत आप्पानं तो पाहिला नाही. डाव हाडावर आला, आता सांधा जाणार असं वाटलं, की मोकळ्या हातानं जोडीदाराच्या कुशीत दोन थापा मारायच्या. एक, मग थोडं थांबून दुसरी. थापा पडल्या की त्यानं हात सैल सोडायचा, मग कितीही रंगात आलेला असो.

"पाठ टेकली तर उद्या परत उभं ऱ्हाता येतं," वस्ताद सांगायचे. "हाड गेलं की पोरगं गेलं. ज्याला थापा कळत न्हाईत, त्यानं माज्या मातीत पाय ठेवू नये."

दहा वर्षांत दोघांनी एकमेकांच्या कुशीत कितीदा तरी थापा मारल्या. त्यात लाज नव्हती, कारण ते तालमीतलं तालमीत राहायचं. मैदानात, हजारो माणसांसमोर कुणी थापा मारणं ही मात्र वेगळी गोष्ट होती. तिथं मारल्या असत्या तर तो पैलवान परत गावात तोंड दाखवू शकला नसता.

मग एके दिवशी आसाराम कोल्हापूरच्या तालमीत निघून गेला. आप्पाला न सांगता गेला. सकाळी उठून पाहिलं तर शेजारची वळकटी नव्हती, एवढंच. त्या दिवशी मेहनतीच्या वेळी आप्पानं एका नव्या पोराला असं आदळलं की पोराला कानातून रक्त आलं.

एका तालमीतले पैलवान मैदानात एकमेकांवर सोडायचे नाहीत असा रिवाज आहे. पण आसारामची तालीम आता दुसरी होती, म्हणून तीन वर्षांनी यात्रा कमिटीनं ही जोड लावली. वस्ताद नको म्हणाले. "एकाच मातीतली पोरं हायेत," ते म्हणाले. आप्पा म्हणाला, "तो आता आपला न्हाई." आप्पा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि आपल्याला नेमकं काय खुपतंय ते त्याला कळत नव्हतं. आता कळतं, पण आता कळून उपयोग काय?

नदीच्या दोन्ही दरडी माणसांनी भरल्या होत्या. चार हलग्या वाजत होत्या. सलामीच्या वेळी आसारामनं आप्पाच्या तळव्यावर चिमूटभर माती ठेवली आणि हसून विचारलं, "बरा हायेस ना?" आप्पानं उत्तर म्हणून त्याच्या मानेवर असा पंजा मारला की पुढच्या रांगेतल्या लोकांनी 'आई गं' म्हटलं. पहिली दहा मिनिटं नुसती डोक्याला डोकी भिडत होती. आप्पाची भिवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. ते पुसायला त्यानं हात काढला, तेवढ्यात आसारामनं खाली घुसून त्याच्या दोन्ही मांड्या कवळल्या, त्याला उचललं आणि असं आपटलं की तोंडातून वारा आणि रक्त एकदमच बाहेर आलं. आप्पा पालथा पडला म्हणून वाचला. आसाराम पाठीवर चढला. मानेवर कोपर रोवून त्यानं आप्पाचं तोंड मातीत दाबलं. माती नाकात गेली, दातांत गेली, घशात गेली. दरडीवरची माणसं, आप्पाच्या स्वतःच्या गावची माणसं, ओरडायची थांबली. माती खाताखाता आप्पाला ती शांतता ऐकू आली, आणि त्याचं डोकं फिरलं.

त्यानं आसारामचा उजवा हात बगलेत पकडला आणि अंगातलं सगळं बळ लावून लोळण घेतली. वरचा खाली आला. आसारामचा हात कोपरात सरळ ताणला गेला. मनगट आप्पाच्या पंजात आणि कोपराच्या मागच्या बाजूला आप्पाची छाती. आसारामचा एक खांदा मातीला लागला होता, दुसरा वीतभर वर होता. पाठ लावायची तर हात सोडून त्या खांद्यावर रेटा द्यायचा, एवढंच काम राहिलं होतं. तालमीतलं बारकं पोरसुद्धा ते करू शकलं असतं.

तेवढ्यात त्याच्या कुशीत थाप पडली. मग थोडं थांबून दुसरी.

हलग्यांच्या गोंगाटात मला काही समजलं नाही, असं आप्पा पुढं कायम सांगत आला. थाप समजायला कान लागत नाहीत. ती त्याला समजली होती. आसारामच्या तळहाताची ऊबसुद्धा समजली होती. आणि समजल्यावर त्याला राग आला नाही, दया तर नाहीच नाही. त्याला आनंद झाला. न सांगता निघून गेलेला हा माणूस आता भ्यालाय, आपल्याला भ्यालाय, एवढ्या लोकांत आपल्याकडं गयावया करतोय, याचा जो आनंद झाला तसा पुढं लग्नात झाला नाही की पोरगा जन्मला तेव्हाही झाला नाही. त्यानं मनगट वर खेचलं आणि छातीचा सगळा भार कोपरावर टाकला.

ओला बांबू गुडघ्यावर मोडावा तसा आवाज आला. पाठोपाठ आतलं काहीतरी चरचरत फाटलं, तेही आप्पाला छातीवर जाणवलं. आसाराम ओरडला नाही. त्याचं अंग एकदम ढिलं पडलं आणि वर राहिलेला खांदा आपोआप मातीला लागला. पंचानं शिट्टी वाजवली आणि आप्पाचा हात वर केला.

गावानं त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला, हलग्या पेटल्या. वरून त्याला दिसत होतं. आसाराम मातीत बसला होता, कोपर नको त्या बाजूला वळलेलं होतं, हाडाचं पांढरं टोक कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि रक्ताचा चिखल झाला होता. वस्ताद त्याच्याजवळ गुडघे टेकून धोतराची पट्टी फाडत होते. त्यांनी मान वर करून आप्पाकडं एकदा पाहिलं आणि परत कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी तालमीचं दार लावून घेतलं आणि आप्पाला ओल्या सुंभानं मारलं. वस्ताद साठीचे होते, आप्पाच्या एका हिसक्यानं कोलमडले असते. आप्पा हात न उचलता उभा राहिला. पाठ, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडं कातडी निघाली. सुंभ तुटलं तेव्हा वस्ताद धापा टाकत खाली बसले.

"थापा म्या पाह्यल्या," ते म्हणाले. "उद्यापास्नं माज्याशेजारी हाडं बसवायला बस. मोडायला येतं ना? मंग बसवायला बी यिऊ दे."

त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. का, असं आप्पानं पुढं एकदा विचारलं. वस्ताद म्हणाले, "तुज्यासाठी न्हाई गप ऱ्हायलो. त्या पोरानं भर मैदानात थापा मारल्या हे लोकास्नी कळलं तर त्याच्यापाशी काय ऱ्हातं? हात तर तू घेतलाच."

खरी मेख तिथं होती. आप्पानं खरं सांगावं तर आसारामची उरलीसुरली अब्रू जाणार, आणि न सांगावं तर स्वतःचं पाप झाकलं जाणार. आप्पा गप्प बसला आणि हे आपण आसारामसाठीच करतोय असं स्वतःला समजावत राहिला. असल्या चांगुलपणाला कष्ट पडत नाहीत, म्हणून तो अडतीस वर्षं टिकला.

पुढं पाच वर्षं आप्पा लढला. नाव असं झालं होतं की समोरचा पैलवान हात द्यायलाच भ्यायचा, आणि भ्यालेला माणूस वेडावाकडा लढतो. एकानं त्याच्या तोंडावर गुडघा हाणून दात पाडले. एकाची फासळी आप्पानं मोडली, चुकून. शेवटी कर्जतकडच्या मैदानात गुडघा फिरला आणि पैलवानकी संपली. मग काकासाहेब नावाच्या मजूर कंत्राटदारानं त्याला नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या गेटवर उभं केलं. काम सोपं होतं. हुज्जत घालणाऱ्या मजुराला बाहेर काढायचं. आप्पानं माणसं कॉलरला धरून फेकली, कानफाडली, एकाला भिंतीवर आपटून त्याचा जबडा सुजवला. मग एका दुपारी त्यानं एका कामगाराचं मनगट पिरगाळलं ते कटकन निखळलं. आप्पानं तिथंच उकिडवं बसून ते परत बसवलं. त्या माणसानं घामाघूम चेहऱ्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "लई उपकार झाले, पैलवान." त्या संध्याकाळी आप्पा एसटी पकडून कोल्हारला आला. तो परत नागापूरला गेला नाही.

तेव्हापासून हा ओटा. आसारामची खबर अधूनमधून यायची. हाड वेडंवाकडं का होईना जुळलं होतं, पण शीर गेली होती आणि बोटं आत वळून गेली होती. पैलवानकी तर संपलीच. त्यानं म्हशी पाळल्या. पाथर्डीचा कुणी भेटला की आप्पा विचारायचा, "आसाराम काय म्हणतो?" एवढंच. पाथर्डी काही सातासमुद्रापार नाही. एसटीनं सकाळी निघालं तर जेवायला पोहोचतो माणूस. पण आप्पा कधी गेला नाही.

गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, आसारामच आला.

ओट्यासमोर पिकअप थांबली. मागं शिर्डीला निघालेली बायामाणसं बसली होती. पुढून एक तिशीतली बाई घाईनं उतरली आणि तिनं एका म्हाताऱ्याला कंबरेला धरून उतरवलं. आप्पानं त्याला चेहऱ्यावरून नाही, हातावरून ओळखलं. उजवा हात कोपरात वाकून तिथंच थिजलेला, मनगट पोरीच्या मनगटाएवढं बारीक, बोटं तळव्यात रुतलेली. ते आप्पाचंच काम होतं, कुठंही ओळखू आलं असतं. डावा हात नुसता लोंबत होता. खांद्याची गोलाई जाऊन तिथं खड्डा पडला होता.

ती बाई म्हणजे आसारामची सून, आरती. ती रडवेली झाली होती. "गतिरोधकावर गाडी आदळली आन् मामा फळीवर पडले," ती सांगत होती. "मी म्हनते, लोणीला दवाखान्यात चला. तर ह्यांचं एकच, आप्पा पैलवानाकडं ने. मामांना हा एकच हात हाय हो. ह्याच हातानं धारा काढत्यात, ह्याच हातानं जेवत्यात. ह्याला काय झालं तर घास बी मलाच भरवावा लागंल. आन् ते त्यांना सोसायचं न्हाई."

ओट्यावर सात-आठ माणसं होती. हा तोच आसाराम, हे त्यांना कळलं तशी ती उभी राहिली. एकानं तर मोबाईल काढला.

आप्पानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "लोणीलाच न्या," तो आरतीला म्हणाला. "ह्या वयात हाड ठिसूळ असतं. वढताना मोडलं तर मंग काय उरंल?"

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पानं आजवर कुणालाही परत पाठवलं नव्हतं.

"आप्प्या," आसाराम म्हणाला. अडतीस वर्षांतला हा पहिला शब्द. आवाज वेदनेनं चिरका झाला होता. "तूच बसव."

राहीबाईनं अंगणात सतरंजी टाकली. आसारामला उताणं निजवलं. आप्पा त्याच्या डाव्या अंगाला जमिनीवर बसला, आणि सांधा चाचपायला खाली वाकला तेव्हा दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर आले. आसारामच्या कपाळावरचा घाम त्याला दिसत होता. आप्पा हलक्या आवाजात म्हणाला, "आसाराम, त्या दिवशी मला..."

"गप," आसाराम तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला. "मान्सं हायेत."

आप्पा मागं सरकला. त्यानं टाच आसारामच्या बगलेत रोवली, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि ओढायला सुरुवात केली. खांदा सुजून घट्ट झाला होता. आत हाडावर हाड घासल्याची खरखर त्याला मनगटातून जाणवत होती. आसारामच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यानं ओठ चावला, ओठातून रक्त आलं आणि हनुवटीवरून ओघळलं. अगदी पूर्वी फाटायचा तिथंच ओठ फाटला होता. आरतीनं तोंड फिरवलं. आप्पा मागं रेलत, इंच इंच ओढत होता. हाड सरकत खोबणीच्या कडेवर आलं. आणखी बोटभर, की आत.

हाड कडेवर आलं की सोडायचं नसतं. माणूस शिव्या देवो, चावो, त्याची आई पाया पडो, सोडायचं नाही. सोडलं की हाड मागं फिरतं, आतलं मांस आकसतं आणि दुसऱ्या वेळेला दुप्पट मरण होतं. हे वस्तादांनीच शिकवलं होतं आणि तीस वर्षांत आप्पानं एकदाही मोडलं नव्हतं.

तेव्हा आसारामनं गुडघा उचलून आप्पाच्या कुशीत ठोकला. थोडं थांबून परत ठोकला.

त्याच्यापाशी मारायला हात नव्हता. एक आप्पानं मोडलेला, दुसरा आप्पाच्या मुठीत.

आप्पानं हात सोडला.

हाड मागं गेलं ते सगळ्यांना ऐकू आलं. आसाराम असा किंचाळला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. शहाऐंशी साली जे ओरडणं त्यानं गिळलं होतं ते आत्ता बाहेर पडल्यासारखं वाटलं. त्याचं अंग सतरंजीवर वळवळत होतं, टाचा जमिनीवर आपटत होत्या. आरती धावत आली. "आवो, सोडलं का मधीच? येत न्हाई तर हात कशाला लावता?" तिनं आप्पाच्या दंडावर बुक्की मारली, रडत रडत. मागून कुणीतरी म्हणालं, "निसटला. आप्पांचा हात निसटला."

आप्पा आसारामच्या तोंडाकडं बघत होता. डोळे मिटलेले, हनुवटीवर रक्त, श्वास फाटका. हळूहळू तो श्वास थोडा जागेवर आला. आसारामनं डोळे उघडले. आप्पाला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "बघत हुतो, कळत्यात का अजून."

आप्पानं त्याच्या हनुवटीवरचं रक्त तळहातानं पुसलं.

"बसव आता," आसाराम म्हणाला. "आता न्हाई मारनार."

दुसऱ्यांदा खरंच दुप्पट दुखलं असणार. आप्पानं टाच रोवली, मनगट धरलं आणि आसारामच्या डोळ्यांत बघत ओढत राहिला. आसारामनं नजर हलवली नाही आणि गुडघाही हलवला नाही. हाड कडेवर आलं, क्षणभर अडलं आणि खट्कन आत बसलं. आसाराम थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग त्यानं डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, परत उघडली. पाचही चालत होती. आरती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

आप्पानं हात गळ्यात बांधून दिला. लोणीला जाऊन फोटो काढून घ्या, आठ दिवस धार काढू देऊ नका, असं आरतीला बजावलं. ती नुसती मान हलवत होती. तिचा राग काही गेला नव्हता. गाडीत बसताना आसाराम थांबला. त्याचा तो वाळलेला उजवा हात आप्पाच्या पोटाला घासत होता.

"लई उशीर केलास, आप्प्या," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

पिकअप रस्त्याला लागायच्या आत बातमी चौकात पोहोचली होती. आप्पा थकला. पकड गेली. आसारामसारख्या माणसाचा हात हातात आलेला निसटला, भर लोकांत. ज्याचा पाय मुरगळला होता तो म्हणाला, दुपारी कामं आहेत, उद्या येतो. तो गेला तसे एकेक करून बाकीचेही उठले. ओटा रिकामा झाला. आप्पा सतरंजीवर तसाच बसून होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गल्लीतून जाणाऱ्यांना ते दिसलं. त्यांना वाटलं, पकड गेल्याचं दुःख आहे.

राहीबाई चहा घेऊन आली. तिनं कप खाली ठेवला आणि थोडा वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. पस्तीस वर्षं ती त्या हातांबरोबर राहिली होती.

"आवो," तिनं हळूच विचारलं, "खरंच निसटला का वो हात?"

"न्हाई," आप्पा म्हणाला. "सोडला."